पडुगैनल्लूरची न काढलेली वाट

रघुपतीरावांच्या हातची रेघ ओळखायला खाली सही पाहावी लागत नाही, असं कुंभकोणम्‌च्या कचेरीत म्हणत. नकाशे जपून ठेवायची आणि गरजेप्रमाणे त्यांच्या नकला करून द्यायची ती कचेरी. रघुपतीराव तिथले सर्वांत जुने नकाशानवीस. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठा राजांच्या दफ्तरात मोडी लिहीत असत, आणि ते वळण आपल्या बोटांत उतरलं आहे असं रघुपतीराव मानत. शाईचा थेंब सांडलेला नाही, खाडाखोड नाही, मापात सुतभर फरक नाही. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात अभिमान धरावा अशी ही एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती, आणि ती त्यांनी पुरेपूर धरली होती.

त्या अभिमानाचं मूळ होतं एकोणतीस सालच्या एका शीटमध्ये. मैलाला इंच या मापाचा तो नकाशा. अरसलारच्या दोन्ही तीरांची गावं, कालवे, देवळं, आमराया. जुन्या नकाशाची दुरुस्ती करायला तेव्हा चार माणसं नेमली होती, आणि पट्टीश्वरम्‌च्या दक्षिणेचा तुकडा अठ्ठावीस वर्षांच्या रघुपतीच्या वाट्याला आला होता. पुढं त्या शीटवरूनच गावोगावचे नकाशे सुधारले गेले. वाद आला की कचेरीत तेच शीट उघडायचं आणि शीट म्हणेल ते खरं धरायचं.

त्या तुकड्यात पडुगैनल्लूर नावाचं एक गाव होतं. गावाच्या पूर्वेला, भातखाचरांच्या पलीकडं, शेतमजुरांची चेरी, म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. स्वराज्य आल्यानंतर त्या वस्तीचा एक अर्ज कचेरीत आला. आमची नदीवरच्या मसणवट्यात जायची वाट मिरासदाराच्या मुलानं कुंपण घालून बंद केली आहे आणि तिच्यावर केळी लावल्या आहेत, ती मोकळी करून द्यावी. अर्ज रघुपतीरावांच्या टेबलावर आला. त्यांनी शीट उघडलं, पाहिलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'नकाशात अशी कोणतीही वाट नाही.' दोन वर्षांनी तसाच अर्ज पुन्हा आला. त्यांनी मागचा शेरा पाहिला आणि तोच पुन्हा लिहिला.

चोपन्न सालच्या नोव्हेंबरात कचेरीच्या मागच्या खोलीत वाळवी लागली. मेणकापडात बांधलेली जुनी बोचकी बाहेर काढली, आणि त्यांतलं काय वाचवायचं, काय जाळायचं हे ठरवायचं काम रघुपतीरावांकडं आलं. बाहेर तीन दिवस पावसाची झड लागली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बोचक्यातून एक शीट निघालं. कडा वाळवीनं कुरतडलेल्या, मधला भाग शाबूत. साल अठराशे चौऱ्याऐंशी. त्यांच्याच तुकड्याचा, त्यांच्या आधीचा नकाशा. दुरुस्तीच्या वेळी हा हरवला आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

प्रथम त्यांना आनंदच झाला. काय हात होता त्या माणसाचा! आमराईतलं झाड न् झाड ठिपक्यानं दाखवलेलं, कालव्याच्या पाणी सोडायच्या प्रत्येक दारापाशी बारीक खूण. भिंग घेऊन ते नदीकाठानं बोट नेत पडुगैनल्लूरला आले, आणि बोट तिथंच थांबलं.

त्यांच्या शीटवर चेरी म्हणजे सहा ठिपके होते. इथं छत्तीस घरं होती, दोन ओळींत. घरांच्या मागं निळ्या रंगात एक तळं, आणि तळ्याला नाव होतं, अळगिकुळम्. तळ्याच्या काठावरून एक तुटक दुहेरी रेघ निघून, मोहाच्या एका झाडापाशी वळून, थेट नदीवरच्या मसणवट्यापर्यंत गेली होती. पाव इंचाहून थोडी जास्त. जमिनीवर दोन फर्लांग आणि वर काही पावलं.

ते नाव त्यांनी पुन्हा वाचलं. त्या तळ्याला गावातलं कुणीही नावानं ओळखत नव्हतं. नाव फक्त चेरीतल्या लोकांनाच ठाऊक असणार. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी जो कोणी सर्व्हेअर होता, तो तिथवर चालत गेला होता. तिथल्या माणसांपाशी थांबून त्यानं विचारलं होतं, या तळ्याला काय म्हणता?

रघुपतीरावांनी भिंग खाली ठेवलं. विसरलो असं ते पंचवीस वर्षं समजत आले होते, पण तसं काही झालेलं नव्हतं.

एकोणतीस सालचा मासी महिना होता, म्हणजे माघ-फाल्गुनाचे दिवस. अरसलारवर स्नान, संध्या करून रघुपती सकाळीच कामाला लागला होता. मोजणीची साखळी धरायला चेरीतला काथान नावाचा माणूस होता. काळा, उंच, फार न बोलणारा. ऊन डोक्यावर येईतो गावाची बाजू उरकली आणि दोघे बांधापाशी आले. काथान म्हणाला, "सामी, पलीकडं आमचं तळं आहे. तिथून नदीपर्यंत आमची वाट जाते. दोन फर्लांग असेल. चला, दाखवतो."

मिरासदाराच्या घरून नुकताच निरोप आला होता, पानं वाढली आहेत. रघुपतीनं बांधावर चढून, हाताची सावली करून पलीकडं पाहिलं. झोपड्यांची छपरं दिसली, त्यामागं काही चमकलं.

"दिसतंय, दिसतंय," तो म्हणाला.

"वाट इथून दिसत नाही, सामी. खोलगट आहे."

"दिसतंय म्हटलं ना!"

तो परतला. जेवला. झोपाळ्यावर पडल्या पडल्या डोळा लागला आणि संध्याकाळी बैलगाडीनं पुढच्या गावी गेला. शाई भरताना त्या जागेवर लेखणी थबकली होती, हेही आता त्यांना लख्ख आठवलं. वाट आहे हे ठाऊक होतं, पण तिचं वळण मोजलेलं नव्हतं. न मोजलेली रेघ प्रामाणिक नकाशानवीस काढत नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि जागा कोरी सोडली. त्या कोरेपणाला त्यानं प्रामाणिकपणा म्हटलं होतं. आता भिंगाखाली तो शब्द आठवून रघुपतीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आसपास कुणी नव्हतं. त्यांनी शीट गुंडाळलं आणि कपाटात सर्वांत खाली, जुन्या नोंदवह्यांच्या मागं सारून दिलं.

घरी सुब्बलक्ष्मीबाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "अन्न तसेंच ठेविलेंत की. सांबारास मीठ अधिक जालें काय?"

"नाहीं."

"मग काय जालें? आज चार दिवस पाहते आहें."

"कचेरीचें काम आहे," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले. बायकोशी खोटं बोलायची सवय नव्हती. चूळ भरताना ते दोनदा ठसकले.

पुढच्याच आठवड्यात पडुगैनल्लूरचा तिसरा अर्ज आला. या वेळी कृष्णमूर्ती नावाचे नवे सब-कलेक्टर होते आणि त्यांनी वर हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'जुने कागदही पाहून कळवावे.' कपाटाकडं न पाहता रघुपतीरावांनी दोन दिवस काढले. रविवारी सकाळी छत्री घेऊन ते पट्टीश्वरम्‌च्या बसमध्ये बसले. घरी सांगितलं, देवीच्या दर्शनाला जातो.

दर्शन घेतलं नाही. बसमधून उतरून तसेच चालत निघाले. खाचरं पाण्यानं भरलेली, बांध निसरडे. वहाणा हातात घेऊन ते त्या जुन्या बांधावर आले, आणि पलीकडून पराईचा, प्रेतयात्रेपुढं वाजवायच्या डफाचा, आवाज आला. चेरीतलं कुणीतरी गेलं होतं.

जिथं वाट असायला हवी होती तिथं काटेरी कुंपण होतं आणि आत केळीची दाट बाग. तिरडी घेऊन लोक बागेला वळसा घालून कालव्यापाशी आले. कालवा कार्तिकातल्या पुराचा, तांबडा, जोराचा. चौघे तिरडी खांद्यावरून डोक्यावर घेऊन पाण्यात उतरले. पाणी कमरेला आलं, मग छातीला. मधोमध एकाचा पाय घसरला. तिरडी कलली आणि झाकलेल्या कापडाचं टोक पाण्यात भिजून लोंबू लागलं. काठावरच्या बायका ओरडल्या. मागून दोघांनी उड्या टाकून तिरडी सावरली. पलीकडच्या तीरावर पोहोचल्यावर त्यांनी ती चिखलात ठेवली आणि सगळे नुसते उभे राहिले, दम घेत.

रघुपतीराव छत्री उघडून बांधावर उभे होते. एवढ्या माणसांत छत्री त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती मिटली.

तासाभरानं लोक परतले. एक चाळिशीचा उंच माणूस ओल्या धोतरानं त्यांच्या जवळून जाताना थांबला. "सामी, रस्ता चुकलात का? देऊळ त्या बाजूला आहे."

"नाही. कोण गेलं?"

"माझी चुलती." मग निरखून पाहत तो म्हणाला, "तुम्ही तेच ना? तीन पायांचं टेबल घेऊन आला होतात. माझा बाप तुमची साखळी धरायला होता. काथान. मी मुनियन."

रघुपतीरावांनी विचारलं, "काथान आहे?"

"नाही. चाळीस साली गेला. त्याला वाटेनं नेलं होतं. तेव्हा कुंपण नव्हतं." मुनियननं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "मागून मिरासदाराच्या मुलानं तळं बुजवून भात लावला, मग वाट बंद केली. आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, नकाशात वाट नाही. आम्हाला वाटलं, सरकारनं काढून घेतली. आमचं काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही, एवढंच."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर रघुपतीरावांना उत्तर तरी देता आलं असतं. त्यांनी मान हलवली आणि बसच्या रस्त्याला लागले. वाटेत एकदा मागं वळून पाहिलं, तर मुनियन अजून तिथंच उभा होता, हा म्हातारा बांधावरून पडू नये म्हणून पाहत.

सोमवारी त्यांनी कपाटातून शीट काढलं आणि अहवाल लिहिला. चौऱ्याऐंशी सालच्या नकाशात वाट, तळं आणि छत्तीस घरं आहेत. एकोणतीसच्या शीटमध्ये ती नजरचुकीनं राहिली. 'नजरचुकीनं' हा शब्द त्यांनी तीनदा लिहिला, तीनदा कागद बदलला, आणि चौथ्यांदा तोच लिहून पाठवला.

कृष्णमूर्तींनी त्यांना बोलावून घेतलं. "रघुपतीराव, हे तुम्ही स्वतः शोधून काढलंत? आपलीच चूक कोण दाखवतो हो? फार मोठं मन आहे तुमचं."

रघुपतीराव साहेबांच्या बुटांकडं पाहत उभे राहिले. ती स्तुती अंगावरच्या ओल्या कपड्यासारखी नकोशी झाली, पण ती काढून टाकायचं धैर्य काही झालं नाही.

जानेवारीत पोंगल सरल्यावर चौकशी गावातच ठेवली गेली, मिरासदाराच्या घरासमोरच्या मांडवात. कृष्णमूर्ती साहेबांचं टेबल, एका बाजूला मिरासदाराचा मुलगा आणि त्याचे वकील, मागं गावातली प्रतिष्ठित मंडळी. चेरीतले लोक मांडवाबाहेर, उन्हात. साहेबांनी त्यांना आत यायला सांगितलं तेव्हा ते चार पावलं पुढं आले आणि तिथंच थांबले. रघुपतीरावांनी दोन्ही शीटं पसरून दाखवली. मग वकील उठले.

"तुम्ही म्हणता नजरचूक झाली. तुमच्यासारख्या काटेकोर माणसाची?" त्यांचा आवाज गोड होता. "मी म्हणतो, चूक मुळीच नाही. एकोणतीस साली तिथं वाट नव्हती, म्हणून तुम्ही काढली नाहीत. जुन्या काळी असेल, मोडली असेल. तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं होतं ना?"

"नाही."

"म्हणजे?"

"मी तिथं गेलो नव्हतो."

"अख्खा तुकडा पायी मोजलात आणि तेवढेच दोन फर्लांग गेला नाहीत? का बरं?"

समोर मागच्या रांगेत दोन माणसं त्यांच्या ओळखीची होती, कुंभकोणम्‌च्या भजनमठात शनिवारी शेजारी बसणारी. 'ऊन फार होतं' असं म्हणता आलं असतं. 'दिवस अपुरा पडला' असंही म्हणता आलं असतं. त्यांची नजर बाहेर उन्हात उभ्या असलेल्या मुनियनवर गेली, आणि तिथून हटवता येईना.

"सकाळी माझं स्नान झालं होतं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा ते मोठ्यानं बोलले. "सकाळी स्नान झालं होतं. चेरीत पाय ठेवला असता तर पुन्हा करावं लागलं असतं. जेवणाची पानं वाढली होती. मला भूक लागली होती. काथान नावाच्या माणसानं मला सांगितलं, वाट आहे, चला, दाखवतो. मी बांधावरून पाहिलं आणि परतलो. वाट होती. मला ठाऊक होतं, ती होती."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मिरासदाराच्या मुलानं तोंड फिरवलं. वकील खाली बसले. साहेबांनी लिहिता लिहिता हात थांबवला आणि काही वेळ त्यांच्याकडं पाहिलंच नाही. मोठ्या मनाचं कौतुक त्यांनी पुन्हा कधी केलं नाही.

निकाल अर्धामुर्धा लागला. तिरडी जाईल इतकी वाट मोकळी झाली. तळ्याचं काही होऊ शकलं नाही. तिथं बारा वर्षं भात पिकत होता आणि त्यासाठी दिवाणी दावा करावा लागला असता. रघुपतीरावांच्या सर्व्हिस-बुकात ठपक्याची, लाल शाईची एक ओळ आली.

सुब्बलक्ष्मीबाईंना सगळं मठातून कळलं. त्या रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत. "अस्क्या लोकांसमोर असें बोलायाचें काय कारण होतें? नजरचूक म्हणाला असतां तर कोणीं नाहीं म्हटलें असतें काय?"

"कोणींच नाहीं."

"मग?"

"तोच मनुष्य समोर उभा होता, सुब्बा. त्याच्या बापानें मजला बोलाविलें होतें."

बाईंनी सुपारीचा डबा उघडून उगाच सगळी सुपारी पुन्हा कातरली. त्यांनाही लाज वाटत होती, पण ती नवऱ्यानं केलेल्या गोष्टीची की बोललेल्या गोष्टीची, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. मठात मात्र शंका नव्हती. रघुपतीनं जे केलं ते त्या काळी कुणीही केलं असतं. ते चारचौघांत बोलायचं नव्हतं, असं सर्वांचं मत पडलं. शनिवारी त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

वाटेची आखणी करायला कचेरीतून दुसरा माणूस जाणार होता. रघुपतीरावांनी अर्ज करून ते काम मागून घेतलं. केळी तोडल्या होत्या. साखळीचं एक टोक मुनियननं धरलं. मोहाच्या झाडाचा बुंधा अजून होता आणि वाट तिथंच वळत होती, जुन्या शीटवर दाखवली होती तशीच. चौदा दगड रोवले. काम उरकलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुनियनची बायको अंजलै घरातून घासलेला पितळी लोटा घेऊन आली आणि तिनं तो नवऱ्याच्या हाती दिला. मुनियननं तो पुढं केला.

रघुपतीरावांचा हात उठला आणि मधेच थांबला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पण मुनियनची नजर तरबेज होती. सगळं आयुष्य त्यानं असे थांबलेले हात पाहिले होते. त्यानं लोटा हळूच दगडावर ठेवला. "राहू द्या, सामी. पट्टीश्वरम्‌ला कॉफीचं दुकान आहे."

"नाही, नाही. दे."

त्यांनी लोटा उचलला आणि तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले, घाईघाईनं, छातीवर सांडत. मांडवात जे सांगितलं ते पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका पोराचं होतं. हा हात आजचा होता. बसमध्ये बसल्यावर ते आपल्या उजव्या हाताकडं परक्याच्या हाताकडं पाहावं तसे पाहत राहिले.

छप्पन्न साली ते निवृत्त झाले. केळीची पानं विकायला मुनियन आठवड्यातून एकदा शहरात येई आणि त्यांच्या दारावरून जाताना हाक मारी. पहिले काही महिने ते आतूनच बायकोला सांगत, घरीं नाहीं म्हणून सांग. बाई पानं घेत आणि सांगत, बाहेर गेले आहेत. एकदा मुनियननं खिडकीतून त्यांना पाहिलं आणि काही न म्हणता निघून गेला. त्यानंतरच्या खेपेला रघुपतीराव आधीच ओट्यावर येऊन बसले होते.

"वर येऊन बैस," ते म्हणाले.

मुनियन खालच्या पायरीवर बसला. पावसाच्या, खेकड्यांनी पोखरलेल्या बांधांच्या गोष्टी झाल्या. असे बरेच आठवडे गेले. वाटेविषयी दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. मग एका सकाळी, मुनियन पानांचा भारा बांधत असताना, रघुपतीराव एकदम म्हणाले, "मुनिया, माझं चुकलं. तुझ्या बापाबरोबर मी जायला हवं होतं."

मुनियननं गाठ आवळली. ते काही विशेष नाही, जाऊ द्या सामी, असं काहीतरी तो म्हणेल म्हणून ते वाट पाहत होते.

"हो," मुनियन म्हणाला. "जायला हवं होतं."

मग त्यानं भारा डोक्यावर घेतला, या साली सांबा भात बरा आला आहे असं सांगितलं, आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागला.